तिळू, गुळ्या आणि पिंजऱ्याचं दार

भाद्रपदात गल्लीतली कुत्री माजावर येतात, पुढे साधारण ६३ दिवसांनी व्यातात, आणि थंडी पडायला लागली की बांधकामाच्या वाळूत, पार्किंगच्या कोपऱ्यात पिल्लं दिसू लागतात. आमच्याकडेही तसंच झालं. नागपुरात त्रिमूर्तीनगरात आमच्या अपार्टमेंटला लागून एक इमारत उभी राहत होती. तिथल्या वाळूच्या ढिगाआड २०२३ च्या कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास एका तांबूस कुत्रीला पाच पिल्लं झाली. माझी मुलगी शाळेतून येताना रोज त्यांना बघून यायची. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती कुत्री रस्त्यावर गाडीखाली गेली. तीन पिल्लं लोकांनी नेली. उरलेली दोन, एक तपकिरी नर पिल्लू आणि एक अंगभर काळे ठिपके असलेली पिल्ली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आणली. वय जेमतेम सात आठवडे. सणाच्या हिशेबाने नावं पडली: ठिपकेवाली तिळू, गुळाच्या रंगाचा तो गुळ्या.

दोन्ही आणायची नव्हती. एकच आणायचं ठरलं होतं. पण एकाला उचललं की दुसरं जे रडायचं, ते ऐकून मुलगी वाळूतच बसून राहिली. मीही फार ताणलं नाही.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉल आणि एक बऱ्यापैकी मोठी गॅलरी. मी साडेदहा ते सहा ऑफिसात. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, बहुतेक पहिल्या पाळीत, चारपर्यंत घरी येतो. सासूबाई आमच्याजवळ राहतात. सासरे काटोलला संत्र्याचा बगीचा बघतात आणि रविवारी येतात. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यांना खाली वाकता येत नाही. हे सगळं सांगते आहे, कारण पुढचा सगळा प्रश्न इथूनच उभा राहिला.

पहिल्या चार दिवसांत घराची काय दशा झाली असेल, ते ज्यांनी पिल्लं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको. हॉलभर रद्दी पसरलेली. फिनेलने पुसून पुसून हाताची कातडी निघाली, तरी दोघं पुन्हा त्याच जागी जाऊन बसायची. पाचव्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. गुळ्याने फ्रीजची वायर चावायला घेतली. ती मुलीने वेळेत पाहिली. आणि दुपारी सासूबाई स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना शू झालेल्या फरशीवर घसरल्या. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या. रात्री त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता मनगटाला मलम चोळत बसल्या. त्यांचं ते न बोलणं मला फार लागलं. त्याच रात्री नवरा म्हणाला, "क्रेट आणू या. पिल्लू झोपतं ती जागा सहसा घाण करत नाही, बाहेर नेईपर्यंत धरायला शिकतं. माझ्या एका सहकाऱ्याने लॅब्रेडॉर तसाच वाढवला. तीन आठवड्यांत सगळं शिकला."

सासूबाईंना शब्द कळला नाही. नवऱ्याने मोबाईलवर फोटो दाखवला: काळ्या लोखंडी जाळीचा, घडी होणारा, खाली प्लॅस्टिकचा ट्रे असलेला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "पिंजरा आणून राह्यला का तू घरात? आपल्या घरी कधी पोपटही नाही ठेवला पिंजऱ्यात." रविवारी बाबा, म्हणजे सासरे, आले, त्यांचंही तेच. "बगीच्यातल्या मोतीले कधी दोरी लावली का आपण?"

मोतीला दोरी लावली नव्हती हे खरंच. पण मोती एका पावसाळ्यात काटोल रस्त्यावर ट्रकखाली गेला, हेही बाबांनीच मला लग्नानंतर सांगितलं होतं. मी तेव्हा ते बोलून दाखवलं नाही. मोकळं जनावर सुखी आणि बंद जनावर दुःखी, एवढ्यावर मला निर्णय घेता येईना. आणि सहकाऱ्याचा लॅब्रेडॉर शिकला म्हणून आपणही आणावा, यावरही घेता येईना.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं. अमेरिकेत क्रेट ही घरोघरची वस्तू आहे, पिल्लू आणायच्या आधी क्रेट येतो. उलट स्वीडन आणि फिनलंडमध्ये कुत्र्याला घरात क्रेटमध्ये बंद ठेवायला कायद्याने मनाई आहे. प्रवासासारख्या मोजक्या कारणांपुरती मुभा. दोन्हीकडे कुत्र्यांवर जीव लावणारीच माणसं. आपल्याकडचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही मी काढून वाचला. त्याच्या ११ व्या कलमात आहे की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या उंची-लांबी-रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा. त्याच कलमात पुढे, सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तोही गुन्हा. म्हणजे १९६० मध्येच कोणीतरी नेमका याच कुत्र्याचा विचार करून ठेवला होता. ते वाचून मला धीर आला.

क्रेटच्या बाजूने एक मुद्दा सगळीकडे सापडतो: कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला बंदिस्त जागा आवडतेच. हा मुद्दा मला पटला नाही. कुत्रीला बिळाची गरज पिल्लं लहान असेपर्यंतच असते. पिल्लं चालू-धावू लागली की ती बीळ सोडून देतात. आणि मुख्य म्हणजे बिळाला दार नसतं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांना असं दिसलं की व्यायला आलेल्या कुत्र्या जागा निवडताना माणसांच्या वस्तीजवळची निवडतात. आमच्या वाळूच्या ढिगाजवळही चौकीदाराची खोली होतीच. कुत्र्याला आडोसा हवा असतो, पण आडोशातून माणूस दिसायलाही हवा असतो, एवढं मी त्यातून घेतलं.

पण खरा उजेड पडला तो मुलीच्या वहीतून. पहिल्या दिवसापासून तिने एका जुन्या चौकडीच्या वहीत सगळं लिहायला सुरुवात केली होती: कोण, किती वाजता, कुठे. तिळूसाठी ति, गुळ्यासाठी गु. शू असेल तर टिंब, शी असेल तर फुली. झोपेच्या वेळाही. दहा दिवसांनी मी ती वही घेऊन बसले. दोघं मिळून दिवसाला २२ ते २६ वेळा. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांत, खेळ थांबला की परत. एवढं वेळापत्रक असताना आम्ही "कधीही करतात, कुठेही करतात" म्हणून रडत होतो. दुसरं म्हणजे पिल्लं दिवसातले १८ ते २० तास झोपतच होती. आणि घरात झालेली निम्म्याहून अधिक घाण दोनच वेळांतली होती: संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे माझा स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास, आणि दुपारी अकरा ते दीड, जेव्हा सासूबाई एकट्या असतात.

मग मी नवऱ्याला विचारलं, "आपल्याला क्रेट चोवीस तासांसाठी हवाय, की या साडेचार तासांसाठी?"

तो वही बघत राहिला.

लसीकरणासाठी आम्ही सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जात होतो. तिथल्या एका डॉक्टर मॅडमना मी सरळ विचारलं, क्रेट घेऊ की नको. त्यांनी हो-नाही सांगितलंच नाही. आधी वही पाहिली आणि खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तेवढे तास दिवसा शू धरू शकतं. तुमची दोन महिन्यांचीही नाहीत. म्हणजे अडीच तास ही शेवटची मर्यादा, लक्ष्य नाही." आत कधीही पट्टा घालून ठेवायचं नाही, जाळीत अडकून गळफास बसतो. शिक्षा म्हणून एकदाही आत टाकायचं नाही. आणि दोघांना एकात कोंबायचं नाही. सख्खी भावंडं एकत्र वाढली की एकमेकांवरच इतकी अवलंबून राहू शकतात की माणसाकडे लक्ष देत नाहीत, आणि एक दिसेनासं झालं की दुसरं सैरभैर होतं. म्हणून जेवण वेगळं, झोप वेगळी, शिकवणी वेगळी. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. एका पिल्लाचंच होईना, तिथे आता दोन वेगळी वेळापत्रकं.

क्रेट घेतला तो ३६ इंची, मधे सरकवायची जाळी असलेला. गावठी कुत्रा मोठा होऊन १५ ते २० किलोपर्यंत जातो. त्याला आत ताठ उभं राहता, गोल वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. पण लहानपणी एवढी मोठी जागा मिळाली तर पिल्लू एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं, म्हणून ती मधली जाळी. एकच घेतला. दुसरा ओळखीतल्या एका कुटुंबाकडून उसना आणला. त्यांचा कुत्रा म्हातारा होऊन गेला होता आणि क्रेट माळ्यावर होता.

पहिले पाच दिवस दार लावलंच नाही. सुतळीने मागे बांधून टाकलं, म्हणजे चुकूनही आपोआप बंद होऊन दचकायला नको. प्लॅस्टिकचा ट्रे पायाखाली खडखडायचा आणि तिळू त्या आवाजानेच मागे पळायची, म्हणून सासूबाईंनी आपली जुनी गोधडी काढून दिली. पिंजरा नको म्हणणाऱ्या त्याच. गोधडी चार पदरी घालून खाली अंथरली तेव्हा आवाज थांबला. दोघांचं जेवण दोन क्रेटमध्ये, आधी उंबऱ्याशी, मग थोडं आत, मग पार मागच्या जाळीला टेकून. नाचणीची पेज आणि दही, उकडलेलं अंडं, भातात कुस्करलेलं चिकन. मधूनच येता-जाता मी उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा आत टाकून ठेवायची, काही न बोलता. तिसऱ्या दिवसापासून गुळ्या स्वतःच जाऊन तपासू लागला, काही पडलंय का.

मग दार लोटायचं आणि लगेच उघडायचं. पाच सेकंद. दहा. अर्धा मिनिट. आत रबरी पोकळ खेळणं, त्यात दही भरून फ्रीजरमध्ये गोठवलेलं; ते चाटत असताना दोन मिनिटं, पाच मिनिटं. गुळ्या आठव्या दिवशी दार लावलेलं असताना पोट वर करून झोपून गेला. तिळू दही चाटायची, पण एक डोळा दारावर. दही संपलं की उभी. मी त्या वेळी त्या एका डोळ्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

रात्री मी दोन्ही क्रेटच्या मधे गादी टाकून झोपायची. जानेवारीत नागपूरची थंडी चांगलीच असते. फरशीचा गारवा गादीतून वर यायचा. एक हात गुळ्याच्या जाळीला, एक तिळूच्या. तिळूचं दार रात्रभर उघडंच ठेवत होते आणि ती बहुतेक वेळा बाहेर येऊन माझ्या पोटाशी झोपायची. दोन वाजता आणि साडेचारला गॅलरीत, मातीने भरलेल्या ट्रेवर. खाली रस्त्यावर नेता येत नव्हतं, कारण लसींचे डोस पूर्ण व्हायचे होते आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आमच्या पिल्लांच्या तिघा भावंडांपैकी एक पार्व्होनेच गेलं, हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं. पण घरात डांबूनही चालत नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं त्याची त्याला पुढे सहसा भीती राहत नाही, म्हणून रविवारी सकाळी नवरा आणि मी एकेकाला झोळीत घेऊन फुटाळा तलावावर जात होतो. खाली उतरवायचं नाही, फक्त बघू द्यायचं. गाड्या, फुगेवाला, हेल्मेट घातलेली माणसं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजून त्रास होतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सासूबाई देवळात गेल्या, मुलगी मैत्रिणीकडे. मला बँकेचं काम निघालं. तोवर दोघांना एकटं ठेवून मी कधीच बाहेर गेले नव्हते. दिवसा दार लावून जास्तीत जास्त वीस मिनिटं, तीही घरात असताना. पण गुळ्या छान झोपत होता, मी म्हटलं पाऊण तासात येते. दोघांना आपापल्या क्रेटमध्ये घातलं, दही दिलं, कडी लावली. बँकेत रांग होती. यायला दीड तास लागला. जिन्यातच मला आवाज आला. भुंकणं नव्हे, एकसारखा किंचाळल्यासारखा आवाज. दार उघडलं तर गुळ्या उभा राहून शेजारच्या क्रेटकडे बघत होता. आणि तिळूने जाळीची एक तार चावून वाकवली होती. हिरड्यातून रक्त येत होतं, पुढचे पाय आणि छाती लाळेने भिजलेली, गोधडीवर शू आणि शी, त्यातच ती फिरलेली. मी कडी काढली तर ती माझ्याकडे आली नाही. सरळ दिवाणाखाली गेली आणि दोन तास बाहेर आली नाही.

मी दिवाणाशेजारी फरशीवर पडून राहिले. सासूबाई आल्या, त्यांनी सगळं पाहिलं. "मी म्हटलं होतं" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बादली भरून दिली आणि खुर्चीवर बसून दिवाणाखाली हाक मारत राहिल्या, "ये वं माय, ये."

डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हा हट्ट नाही, घाबरगुंडी आहे. कुरकुर आणि घाबरगुंडी यात फरक करायला शिका. पिल्लू थोडं कुईं-कुईं करतं, मग उसासा टाकून झोपतं, ती कुरकुर. लाळ गळते, जाळी चावते, धापा टाकते, आतच शी करते, खायला दिलेलं तोंडात घेत नाही, तेव्हा ते शिकत नसतं. "रडून रडून गप्प होईल" म्हणून सोडून द्यायचं नाही. तसं गप्प झालेलं पिल्लू शांत झालेलं नसतं. तिळूचं दार आता लावूच नका. दोन दिवसांनी बांधकामावरच्या चौकीदाराने सहज सांगितलं की ही पिल्ली तिथे एकदा सिमेंटच्या पाइपात अडकली होती, रात्रभर, सकाळी मजुरांनी काढली. तिच्या भीतीचं कारण तेच होतं का, कोण सांगणार. मला ते ऐकून आणखीच वाईट वाटलं.

तेव्हापासून आमच्या घरात दोन कुत्र्यांसाठी दोन पद्धती सुरू झाल्या. उसना क्रेट परत केला. तिळूने दिवाणाखालची जागा स्वतः निवडलीच होती. तिथून हॉलमध्ये बसलेल्या सासूबाईंचे पाय दिसतात. तिथेच तिची गोधडी गेली. स्वयंपाकघराच्या आणि पॅसेजच्या तोंडाशी सुताराकडून कमरेएवढी दोन फाटकं करून घेतली, म्हणजे ती हॉल आणि गॅलरीत मोकळी, पण वायरी, गॅस आणि सासूबाईंचा जाण्यायेण्याचा रस्ता तिच्या आवाक्याबाहेर. गुळ्याचा क्रेट हॉलच्याच कोपऱ्यात. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा रोज साडेबाराला येऊन दोघांना गॅलरीत न्यायचा. त्याला महिन्याला पैसे द्यायचो आणि ते पैसे सत्कारणी लागले. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागायच्या आधी नवरा एकेकाला पंधरा मिनिटं वेगवेगळं खेळवायचा. सहा ते आठ दोघं मेल्यासारखी झोपायची.

फिनेल बंद केलं. त्याचा वास आपल्याला झाकल्यासारखा वाटतो, पिल्लाच्या नाकाला खालचा शूचा वास येतच राहतो. एन्झाइमवालं द्रव मिळतं, ते महाग पडलं तरी आणलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत घरातली घाण जवळजवळ थांबली. गुळ्या तिळूपेक्षा साधारण तीन आठवडे आधी शिकला, हे वहीत आहे. तो फरक क्रेटमुळे पडला असावा, असं मला वाटतं. ते तीन आठवडे मी आणि सासूबाईंनी पोछा मारून काढले. त्यांच्यासाठी लांब दांड्याचा मॉप आणला होता.

मे महिन्याने वेगळंच शिकवलं. पारा ४४-४५ वर गेला. क्रेटवर चादर टाकली की गुळ्या शांत झोपतो म्हणून आम्ही टाकत होतो, ती आता आत वारा येऊ देईना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच त्याचं अंग थंड होतं, आणि त्यासाठी भोवती हवा खेळती लागते. चादर काढली, क्रेट कूलरसमोर आणला, तरी त्याने स्वतःच आत जाणं सोडलं आणि उघड्या फरशीवर पोट लावून पडू लागला. आम्ही त्याला आग्रह केला नाही. पूर्ण उन्हाळा क्रेट रिकामा होता. जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या रात्री तो पुन्हा आत जाऊन झोपला.

क्रेटची सवय फक्त घरासाठी नसते, दवाखान्यातही कामी येते, हे पोळ्याच्या आठवड्यात पटलं. गुळ्याला गोचीड ताप आला. तीन दिवस सलाईन लावावं लागलं. दवाखान्यातल्या जाळीच्या कप्प्यात त्याला ठेवलं तर तो गोधडी हुंगून गप बसला, सलाईन चालू असताना झोपलासुद्धा. पुढे महिन्याभराने तिळूची नसबंदी झाली. टाके सुकेपर्यंत उड्या मारू द्यायच्या नव्हत्या. तिला कप्प्यात ठेवणं शक्यच नव्हतं. भूल उतरेपर्यंत मी तिला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि पुढचे दहा दिवस रजा काढून हॉलमध्ये तिच्याबरोबर राहिले. माझ्याकडे रजा होती. ज्यांच्याकडे नसते त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला त्या दहा दिवसांत सारखा पडत होता. त्या वेळेपासून आम्ही तिला कापडी मऊ पिशवीवजा क्रेटची सवय लावतो आहोत, तिन्ही बाजूंची चेन उघडी ठेवून. ती आत बसून चिकन खाते आणि बाहेर येते. एवढंच. घाई नाही.

दिवाळीत बाबा काटोलहून आले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठपासून जी लड सुरू झाली ती बारापर्यंत. खिडक्या लावल्या, पंखा आणि टीव्ही मोठ्याने. पहिला सुतळी बॉम्ब फुटला तसा गुळ्या उठला, क्रेटमध्ये गेला आणि मागच्या जाळीला पाठ लावून बसला. दार सताड उघडं होतं. तिळू दिवाणाखाली. बाबा सोफ्यावर बसले होते. थोड्या वेळाने ते उठले आणि क्रेटसमोर खाली मांडी घालून बसले. हात आत घालून गुळ्याच्या मानेवर ठेवला आणि फटाके थांबेपर्यंत तसेच बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "आणून दे इथंच." मोतीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं. तोच कॉलेजातला मुलगा, त्याची आई. तिसऱ्या दिवशी त्या डोळे तारवटून वर आल्या आणि विचारलं, तुमचा पिंजरा देता का. गुळ्या आता मोठा झाला, क्रेटचं दार नवऱ्याने केव्हाच बिजागरीतून काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, देते, पण दहा दिवसांनी. आणि मुलीने त्यांना आपली वही नेऊन दिली. जुनी नव्हे, नवी. पहिल्या पानावर रकाने आखून, वर लिहिलेलं: कोण, किती वाजता, कुठे.

काकू दहा दिवसांनी वही घेऊनच आल्या. पानं भरलेली होती. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर ती उघडून बसलो आणि तास मोजले. मग नवऱ्याने दार पुन्हा बसवून दिलं आणि दोघांनी मिळून क्रेट खाली नेला. त्या रात्री गुळ्या हॉलच्या कोपऱ्यात गेला, जिथे क्रेट होता तिथे दोनदा गोल फिरला आणि फरशीवरच झोपला. सासूबाईंनी उठून त्याच्या खाली गोधडी सरकवली.